पिठावरचा डावा हात

इशिता माझ्याकडे रोज संध्याकाळी सहाला अभ्यासाला येते. त्या दिवशी ती दप्तर न घेताच आली आणि पायरीवर बसून राहिली. मी पाण्याचा पेला दिला, तो तिने हातात नुसता धरून ठेवला.

"बाई, कुत्र्याले शिकवता येते का?"

"केवढा आहे कुत्रा?"

"भुऱ्या. आठ वर्षांचा. माह्याहून एक वर्षानं लहान."

"मग येईल की. काय शिकवायचंय?"

"दिवाणवर नाही चढायचं," ती म्हणाली आणि पेल्यातल्या पाण्यात तिचे डोळे गळू लागले.

तिचे घर माझ्या घराला लागूनच आहे. मधली भिंत एवढी बुटकी, की तिकडच्या फोडणीला इकडे शिंक येते. कठोरा नाक्याच्या पुढे वस्ती झाली तेव्हा इशिताचे आजोबा खुशालराव मोहोड आणि मी एकाच वर्षी इथे घरे बांधली. ते चांदूर बाजारकडचे, काळ्या जमिनीतले माणूस. मुलाने अमरावतीत कृषी केंद्राचे दुकान टाकले म्हणून शहरात आले, आणि येताना वाटेवर सापडलेले एक तांबूस पिल्लू कोटाच्या खिशातून घेऊन आले. तोच हा भुऱ्या.

दीड वर्षापूर्वी खुशालरावांना लकवा झाला. उजवे अंग गेले. पुढच्या खोलीत खिडकीखाली दिवाण होता, तीच त्यांची जागा झाली. तोवर घराच्या आत पाऊल न टाकलेला भुऱ्या त्या दिवाणावर चढू लागला, कारण खुद्द खुशालरावच त्याला बोलवत. डावा हात चादरीवर दोनदा थापटायचे, की कुत्रे अलगद वर येऊन त्यांच्या मेलेल्या उजव्या पायावर पडून राही. "पायाले चिमटा समजत नाही, बाई," ते मला म्हणाले होते, "पण याचं वजन समजते. वजन समजलं की वाटते, पाय हाये अजून."

भाद्रपदात ते गेले. आता मार्गशीर्ष लागला होता आणि भुऱ्या अजून त्याच जागी जाऊन झोपत होता.

इशिताची प्राजक्ता आत्या अकोल्याला असते. तिला सातवा लागला होता. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून तीन आठवड्यांनी ती येणार होती. घरात आतल्या दोन खोल्या अंधाऱ्या आणि गार. उजेड आणि ऊन पुढच्याच खोलीत, म्हणून तो दिवाण तिला आणि पुढे बाळाला द्यायचे ठरले होते. इशिताचे बाबा शिवम यांनी सांगून टाकले होते, की एकवीस दिवसांत कुत्रे दिवाणावरून उतरले नाही तर ते चांदूर बाजारच्या वावरात जाईल.

"वावरात रानडुकरासाठी तारेत करंट सोडतात," इशिता म्हणाली. "मागच्या वर्षी दोन कुत्रे मेले. बाबालेही माहीत हाये."

मी चप्पल घातली आणि तिच्याबरोबर गेले.

चौतीस वर्षे मी पहिलीचा वर्ग शिकवला. कुत्रे कधी शिकवले नव्हते. पण कोणाला काहीही शिकवायचे तर आधी अर्धा तास गप्प बसून बघायचे, एवढे मला येत होते. मी खुर्चीवर बसले. भुऱ्या आला, दिवाणावर चढला. आतून इशिताची आई आरती ओरडली, "उतर!" इशिता म्हणाली, "खाली ये ना रे." दुकानातून नुकताच आलेला शिवम "हट्!" म्हणून पेपरची गुंडाळी घेऊन धावला. आणि कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या पार्वताबाई, खुशालरावांच्या पत्नी, मान वर न करता हळूच म्हणाल्या, "हाड."

भुऱ्या उतरला, दाराशी गेला आणि तिथून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत उभा राहिला.

"चार माणसं, चार शब्द," मी म्हणाले. "आणि एक मार. यातून त्याने काय शिकायचं?"

मी इशिताच्या वहीचे पान मागितले. त्यावर तिच्याकडून मोठ्या अक्षरांत 'खाली' असे लिहून घेतले आणि दाराच्या चौकटीला चिकटवले.

शिवम हसला. "बाई, कुत्र्याले वाचता येते का?"

"कुत्र्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. शब्द एकच. तोही एकदाच म्हणायचा. ओरडायचं नाही, मारायचं नाही. तो खाली आला की त्याच क्षणी एक फुटाणा."

"फुटाणे? आमाले लहानपणी शाळेत छड्या भेटत होत्या."

"माझ्या वर्गात नाही."

"तुमच्या वर्गात नव्हतो, हेच चुकलं मंग," तो म्हणाला आणि पेपरची गुंडाळी मुकाट्याने फ्रिजवर ठेवून दिली.

दिवाणाशेजारी जमिनीवर गोणपाट अंथरले. नुसते 'इथे नको' म्हणून भागत नाही. 'मग कुठे' हेही सांगावे लागते. पोरांचेही तसेच असते. इशिता गोणपाटावर थापटायची, 'खाली' म्हणायची आणि तो आला की फुटाणा द्यायची. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली. चौथ्या दिवशी तिने मला भिंतीवरून हाक मारली, "बाई, तो सोताहून गेला! मी काहीच नाही म्हटलं!" दहाव्या दिवशी शिवम दुकानातून आल्यावर दिवाणावर पाय पसरून बसला, आणि भुऱ्या खाली गोणपाटावर तोंड टेकून पडला होता. शिवमने बूट काढता काढता एक फुटाणा टाकला. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "पडला खिशातून."

पण एक गोष्ट जुळत नव्हती. इशिता शाळेतून साडेपाचला येई तेव्हा दिवाणाच्या पांढऱ्या चादरीवर तांबूस केस असत. रोज. सकाळी झटकलेली चादर, संध्याकाळी केस. शिवम म्हणू लागला, "पाहा, समोर साधू, मागं चोर. हे असं लेकराच्या जवळ नाही चालणार, बाई. कुत्रं हुशार झालं, सुधरलं नाही."

त्याचे म्हणणे चूक नव्हते. कोणी बघत असतानाच जे पाळले जाते, ते शिकणे नव्हे.

"तो कधी चढतो ते आधी कळलं पाहिजे," मी इशिताला म्हणाले. "उद्या शाळेत जाताना चादरीच्या कडेला पीठ भुरभुरव. अगदी पातळ, चाळणीने. आल्यावर बघ, पाय कुठून वर गेलेत, एकदा की अनेकदा. मग आपण त्या वेळेचा विचार करू."

शिक्षकाच्या डोक्यात एकदा प्रयोग शिरला की त्याला दुसरे काही दिसत नाही. मला तेव्हा दिसले नाही. त्याच घरात, त्याच दिवाणाखालच्या जमिनीवर, तीन महिन्यांपूर्वी पीठ पसरले होते. माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून दिवा लावतात आणि वर टोपली झाकतात. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून बघतात, पिठावर काय उमटले. कोणाला गाईचे खूर दिसतात, कोणाला पाखराचा पाय. त्यावरून गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते समजतात. त्या सकाळी मीही तिथे होते. टोपली उचलली तेव्हा पीठ जसेच्या तसे होते. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि पार्वताबाई एवढेच म्हणाल्या, "जाता जाता काहीच सांगतलं नाही बुढ्यानं." नंतर कितीतरी दिवस त्या हेच म्हणत होत्या.

हे सगळे मला माहीत होते, आणि तरीही मी त्या घरातल्या मुलीला पीठ पसरायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला इशिताची किंकाळी आली. मी भिंतीवरून बघितले तर आरती दारात उभी, तोंडावर हात. मी धावत गेले.

पिठात भुऱ्याचे चार पाय स्पष्ट उठले होते. आणि त्यांच्या अलीकडे, कडेवर, माणसाच्या हाताचा ठसा होता. पाच बोटे, पूर्ण तळवा. एकावर एक दोनदा थापटल्यासारखा.

इशिताने त्याच्या शेजारी आपला हात धरला. आधी उजवा, मग डावा. डावा जुळला.

"डावा हाये," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "आई, आबाचा हात हाये. आबा येतात. ते बोलावतात त्याले, म्हणून तो चढतो."

आरतीने पदर डोक्यावरून घेऊन हात जोडले. तेवढ्यात शिवम आला. त्याने बघितले आणि तो दिवाणापुढे खालीच बसला. एवढा आडदांड माणूस, पण बोट पुढे करून पिठाला न लावता हवेतच त्या ठशाभोवती फिरवत राहिला.

"टोपलीखाली नाही आलं काही," तो म्हणाला. "इथं आलं."

भुऱ्या गोणपाटावर बसून शेपटी जमिनीवर हलकेच आपटत होता.

मग शिवम उठला. "राहू दे त्याले दिवाणवर. आता कोणी काही म्हणाचं नाही. प्राजक्ताले आतली खोली देऊ, मोठा लाईट लावून घेऊ." दाराच्या चौकटीवरचा कागद काढायला त्याने हात वर केला.

मी पार्वताबाईंकडे बघितले. त्या नेहमीच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. अंगावर गडद हिरवे लुगडे होते. त्यांच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन उन्हाळ्यावर टाकलेले. पांढऱ्या चादरीवरचे पांढरे पीठ त्यांना दिसणार नव्हते. पण मला दिसत होते, त्यांच्या हिरव्या पदराला डाव्या बाजूला पांढरा फराटा होता. हात पुसल्याचा.

त्यांनी माझी नजर कुठे आहे ते ओळखले. पदर उलटा करून त्यांनी तो डाग आत घेतला.

वर्गात खोडी कोणाची हे कळल्यावरही मी कधी लगेच नाव घेत नसे. थांबत असे. पोर स्वतः उभे राहिले तर त्याची मान वर राहते. पण तिथे सहा-सात वर्षांची पोरे असत. इथे अडुसष्ट वर्षांची बाई होती, आणि गप्प राहिली तर तिचे सगळेच राहणार होते. कुत्रे घरात राहणार होते, दुपारी त्याला थापटून वर बोलावणेही राहणार होते. नवरा जाताना काही सांगून गेला असे सगळे घर मानणार होते. मी बोलले नाही. बोलायचा मला हक्क होता असेही मला वाटले नाही.

"मी उद्यापासून शाळेत नाही जात," इशिता म्हणाली. ती दिवाणाच्या पायाशी मांडी घालून बसली. "मी इथंच बसतो दिवसभर. आबा आले की मले दिसतीन. मी त्याईले विचारतो, मले का नाही बोलावत म्हणून. भुऱ्याले बोलावतात, मले नाही बोलावत."

पार्वताबाईंनी भिंतीचा आधार घेतला आणि त्या उठल्या. त्यांचे गुडघे उठताना वाजतात, ते सगळ्यांनी ऐकले. त्या दिवाणापर्यंत आल्या, आणि त्यांनी आपला डावा हात पिठातल्या त्या ठशावर ठेवला. बोटाला बोट बसले.

"माहा हाये, माय," त्या नातीला म्हणाल्या. "तुह्या आबाचा नाही. माहा."

"माय?" शिवम म्हणाला.

"चार वाजता समदे बाहीर असता. आरती शिवणाच्या क्लासले जाते. घर निरा सुनं पडते. तवा मी खुर्ची घेऊन इथं बसतो आन् त्याले वर बोलावतो." त्या शिवमकडे नाही, चादरीकडे बघून बोलत होत्या. "उजव्या हातानं थापटलं तं तो येत नाही. म्हणून डावा. तो वर पडला की चादर तशीच दबते. मले नीट दिसत नाही, बाप्पा. दबलेली चादर दिसते. तेवढ्यानं भागते माहं."

शिवम त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. "मंग आमी इतके दिवस कुत्र्याले चोर म्हणून रायलो. आन् तू कोपऱ्यात बसून ऐकून रायली. आता बी गप होती! मी कागद काढून रायलो होतो, माय!"

"गपच राहणार होतो," पार्वताबाई म्हणाल्या. "ह्या पोट्टीनं शाळा सोडाची गोष्ट काहाडली."

इशिता आजीकडे बघत होती. तिचा चेहरा काय सांगत होता ते मला आजही नीट लिहिता येत नाही. एक आजोबा तिने तीन महिन्यांपूर्वी गमावले होते, आणि आता, पाच मिनिटांपुरते परत मिळालेले, पुन्हा गमावले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "या घरात पीठ मी पसरायला लावलं. मला हे सुचायला नको होतं."

"पीठ नसतं तं मीही बोललो नसतो," पार्वताबाई म्हणाल्या.

शिवम बाहेर जाऊन फाटकापाशी उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. "पण बाई, प्रश्न तोच हाये ना. आठ दिवसांनी प्राजक्ता येते. हे कुत्रं बोलावल्यावर चढते. मी वावरातल्या गड्याले फोन करून ठेवला हाये. रविवारी गाडी येते त्याची."

"भुऱ्या चुकलेला नाही," मी म्हणाले. "एक जण नको म्हणतं आणि एक जण ये म्हणतं. तो दोघांचंही ऐकतोय."

पार्वताबाईंनी हात झटकला. पीठ उडाले. "मंग मलेच शिकवा, बाई. फुटाणे मले चावत नाहीत, तेवढं पाहा."

कोणी हसले नाही, पण इशिताने नाक पुसले.

दुसऱ्या दिवसापासून मी चारला तिथे जाऊन बसू लागले. पार्वताबाई खुर्चीवर. भुऱ्या यायचा, दिवाणाच्या कडेवर हनुवटी ठेवायचा आणि त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहायचा. पहिल्या दिवशी त्यांनी तो हात पदरात गुंडाळून घेतला. कुत्रे बारीक आवाजात रडू लागले. अर्धा तास ते रडत होते आणि त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा गोणपाट दिसले नाही. त्याजागी खुशालरावांची काळी घोंगडी घडी घालून अंथरलेली होती. ती घोंगडी पार्वताबाईंनी पेटीत, डांबरगोळ्यांत जपून ठेवली होती, कोणाला हात लावू देत नव्हत्या. घोंगडीशेजारी पाट होता. खुर्ची भिंतीला सरकवलेली.

"गुडघे?" मी विचारले.

"गुडघे माहेच हायेत," त्या म्हणाल्या. "सोसतीन."

पाटावर बसायला त्यांना पाच मिनिटे लागली. मी हात द्यायला पुढे झाले तर त्यांनी मानेनेच नको म्हटले. मग त्यांनी डावा हात घोंगडीवर ठेवला, दोनदा थापटला आणि म्हणाल्या, "खाली."

भुऱ्याने दिवाणावरची हनुवटी उचलली. त्याने चादरीकडे बघितले, हाताकडे बघितले. घोंगडी हुंगली, बराच वेळ हुंगली. मग तो तिच्यावर वळसा घेऊन बसला आणि त्याने आपले अंग त्यांच्या गुडघ्याला टेकवले.

पार्वताबाईंनी डोळे मिटून घेतले. मी फुटाणा पुढे केला, तो द्यायला त्या विसरल्या. मीही आठवण केली नाही.

रविवारी गड्याची गाडी आली आणि दुकानातली खताची पोती भरून, कुत्र्याला न घेताच गेली. शिवमने त्याला काय सांगितले ते मला माहीत नाही. मात्र इशितासमोर तो म्हणाला, "प्राजक्ता आल्यावर पाहू. तवा बी नाही चढला, तं खरं."

प्राजक्ता मंगळवारी संध्याकाळी अकोल्याहून आली. गाडीच्या प्रवासाने पाय सुजलेले, चेहरा बापासारखा रुंद. दिवाणावर नवी निळी चादर घातली होती. ती टेकून बसली, उशी पाठीला घेतली, खोलीभर बघून घेतले. वडिलांच्या दिवसांनंतर ती पहिल्यांदाच येत होती आणि रडायचे नाही असे ठरवून आली होती हे दिसत होते. आम्ही सगळे तिथेच होतो. भुऱ्या तिच्या पायांशी घोटाळला, पोटाकडे नाक नेऊन हुंगले.

"अरे, म्हातारा झाला रे तू," प्राजक्ता म्हणाली. तिला इकडचे काहीच माहीत नव्हते. आजारपणात ती महिनाभर इथे राहिली होती, बाप काय करायचा ते तिने रोज बघितले होते. तिने डावा हात निळ्या चादरीवर दोनदा थापटला. "ये. ये, बस पायावर."

शिवमचा हात बहिणीला थांबवायला उठला आणि तसाच राहिला.

भुऱ्याने पुढचा एक पाय उचलला. तो दिवाणाच्या कडेपाशी, हवेत. मग त्याने मान वळवून पाटावर बसलेल्या पार्वताबाईंकडे बघितले.

त्यांचे तोंड थोडे उघडे होते. त्या लेकीच्या हाताकडे बघत होत्या. तिथे, त्या जागी, तसाच थापटणारा हात आपल्याला परत कधी दिसणार नाही असे त्यांनी धरले होते. मला वाटले, या वेळी त्यांच्याने होणार नाही. कोणाच्याही झाले नसते.

"खाली," पार्वताबाई म्हणाल्या. ओरडून नाही. एकदाच.

पाय खाली आला. भुऱ्या घोंगडीवर जाऊन बसला.

"काहून माय?" प्राजक्ताने दुखावून विचारले. "बाबाच्या वेळेस तं..."

"बाबाच्या वेळेस बाबाची जागा होती," पार्वताबाई म्हणाल्या. "आता लेकराची हाये."

प्राजक्ताने चादरीवरचा हात उचलून पोटावर ठेवला, आणि ठरवलेले तिला पाळता आले नाही. आरती तिच्याजवळ जाऊन बसली.

शिवम खिसा चाचपत होता. त्याने मूठ उघडली, त्यात फुटाणे होते. "इशू, दे त्याले. दोन दे."

"एकच असते, बाबा," इशिता म्हणाली. "बाईचा नियम हाये." आणि तिने एकच दिला.

पार्वताबाईंनी डावा हात पदराला पुसला. त्याला काहीच लागलेले नव्हते.